हेरपटांची नांदी आणि तिचे अनामिक कारागीर

संस्कृत नाटकाचा आरंभ नांदीनें होतो. नांदी संपली कीं सूत्रधार पुढें येतो आणि आज कोणत्या कवीची कृति रंगभूमीवर यावयाची आहे, हें सभेस सांगतो. कर्त्याचें नांव आधीं आणि कथा मागाहून, असा हा जुना शिष्टाचार आहे. मराठी संगीत नाटकानेंहि तो बरेच दिवस पाळला. चित्रपटाच्या आरंभीं पडद्यावर जी नामावळी उमटते, ती याच शिष्टाचाराची यंत्रयुगांतील आवृत्ति होय.

नामावळीच्या जोडीला आणखी एक वस्तु असते, ती म्हणजे खूण. प्रभात फिल्म कंपनीच्या बोलपटापूर्वी तुतारी फुंकणारी स्त्री पडद्यावर दिसली कीं प्रेक्षक सावरून बसत. आकाशवाणीच्या आरंभींची धून कानीं पडली कीं घरांतील माणसांस वेळ कळे. ही धून मुंबई केंद्रावर काम करणाऱ्या वाल्टर कॉफमन या युरोपांतून आलेल्या संगीतकाराची म्हणून सांगितली जाते; परंतु ती ऐकणाऱ्या लक्षावधि लोकांपैकीं हें नांव ठाऊक असलेले थोडेच. खुणेचें दैवच असें आहे. ती जितकी ओळखीची होते, तितका तिचा कर्ता विसरला जातो. या दैवाचा सर्वांत ठळक दाखला हेरपटांच्या, म्हणजे गुप्तहेरांच्या कथांवरील चित्रपटांच्या, इतिहासांत सांपडतो.

हेरपटाचा आरंभ गूढ असावा, ही कल्पना मूकपटांच्या काळापासूनची आहे. जर्मनींत फ्रिट्झ लांग यानें १९२८ सालीं ‘स्पिओने’, म्हणजे ‘हेर’, या नांवाचा मूकपट काढला. त्याच्या आरंभीं कोणाचीहि ओळख करून देण्यांत येत नाहीं. हातमोजे घातलेले हात तिजोरी उघडतात, कागदपत्र नाहींसे होतात, बिनतारी संदेशाचे मनोरे दिसतात, आणि अपराध्याचें नांव एकाच्या ओठांवर येतें न येतें तोंच गोळी सुटते. सात वर्षांनीं, १९३५ सालीं, इंग्लंडांत आल्फ्रेड हिचकॉक यानें ‘द थर्टी नाइन स्टेप्स’ या बोलपटाचा आरंभ विजेच्या दिव्यांच्या अक्षरांनीं केला. अंधारांत एकेक अक्षर उजळत जातें आणि त्यांतून ‘म्युझिक हॉल’ हे शब्द तयार होतात. जें कळावयाचें तें तुकड्यातुकड्यानें कळावें, ही हेरकथेची रीत या दोन्ही आरंभांत दिसते.

नामावळी मात्र त्या काळीं केवळ अक्षरांच्या पाट्यांची असे. अमेरिकेंतील कित्येक चित्रगृहांत ती चालू असतांना मखमली पडदा उघडण्याचीहि तसदी घेत नसत. ही उपेक्षा मोडण्याचें श्रेय सॉल बास या आरेखकास दिलें जातें. १९५५ सालच्या ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ या चित्रपटाची नामावळी त्यानें काळ्या पार्श्वभूमीवरील सरकत्या पांढऱ्या पट्ट्यांनीं सजविली. त्या चित्रपटाच्या डब्यांवर, आधीं पडदा उघडून मगच नामावळी दाखवावी, अशी सूचना चिकटविली होती असें सांगतात. पुढें १९५९ सालीं हिचकॉकच्या ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ या हेरपटासाठीं बासनें हिरव्या रंगावर तिरप्या रेषांचें जाळें काढलें. त्या रेषांवरून नांवें वरखालीं धावतात, आणि पाहतां पाहतां त्या जाळ्याची एका उंच इमारतीची कांचेची भिंत होते. तींत रस्त्यावरील मोटारींचीं प्रतिबिंबें हलूं लागतात. ज्याला भलताच माणूस समजून हेर पाठलाग करणार आहेत, तो कथानायक याच गर्दींतून पुढें यावयाचा असतो. नामावळी ही कथेचेंच पहिलें पान होऊं शकते, हें येथें सिद्ध झालें.

या पूर्वतयारीनंतर १९६२ साल उजाडलें. इयन फ्लेमिंग या इंग्रज लेखकानें १९५३ पासून जेम्स बाँड या गुप्तहेराच्या कादंबऱ्या प्रसिद्ध करावयास आरंभ केला होता. आल्बर्ट ब्रॉकोली आणि हॅरी सॉल्ट्झमन या निर्मात्यांनीं त्यांपैकीं ‘डॉक्टर नो’ ही कादंबरी पडद्यावर आणली आणि ५ ऑक्टोबर १९६२ रोजीं लंडनमध्यें हा चित्रपट प्रथम दाखविण्यांत आला. त्याच्या नामावळीचें काम मॉरिस बाइंडर या अमेरिकन आरेखकाकडे होतें. बाइंडरनें पुढें सांगितलेली हकीकत अशी, कीं निर्मात्यांना भेटावयास वीसच मिनिटें उरलीं असतांना त्याच्याजवळ वस्तूंवर किंमत लिहून चिकटवावयाच्या लहान पांढऱ्या गोल चिठ्ठ्या होत्या. त्या पडद्यावरून जाणाऱ्या गोळ्या म्हणून वापराव्या, मग नायकानें चालत येऊन गोळी झाडावी आणि वरून रक्त ओघळावें, असा आराखडा त्यानें त्या वीस मिनिटांत मांडला. निर्मात्यांना तो पसंत पडला.

तो आराखडा प्रत्यक्षांत आणणें मात्र सोपें नव्हतें. नायक बंदुकीच्या नळींतून पाहिल्यासारखा दिसावा म्हणून बाइंडरनें .३८ कॅलिबरच्या खऱ्या पिस्तुलाच्या नळीचें आंतून छायाचित्र घेण्याचें ठरविलें. नेहमींच्या भिंगानें नळीचें जवळचें टोंक स्पष्ट दिसलें, तर दूरचें धूसर होई. तेव्हां भिंग काढून त्या जागीं टांचणीच्या अग्राएवढें सूक्ष्म छिद्र असलेला कॅमेरा त्यानें वापरला. अशा छिद्रांतून प्रकाश फार थोडा येतो, पण जवळचें आणि दूरचें दोन्ही सारख्याच स्पष्टपणें उमटतें. गोळीला फिरकी मिळावी म्हणून नळीच्या आंत ज्या वळणदार खांचा कोरलेल्या असतात, त्या यामुळें स्वच्छ दिसूं लागल्या. एखाद्या फुलाच्या मिटत्या पाकळ्यांसारखी दिसणारी ती काळी-पांढरी आकृति वस्तुतः या खांचांचीच आहे.

या चित्रांतील खरी युक्ति पाहणाऱ्याच्या स्थानांत आहे. नळींतून नायकाकडे पाहणारा डोळा हा त्याच्या शत्रूचा डोळा असतो, आणि प्रेक्षक नेमका त्या शत्रूच्या जागीं बसलेला असतो. नायक सहज चालत जातो, एकाएकीं वळतो, गोळी झाडतो, आणि जें रक्त पडद्यावरून ओघळतें तें पाहणाऱ्याचें. प्रेक्षकावर गोळी झाडण्याची ही कल्पना मात्र अगदींच नवी नव्हती. १९०३ सालीं एडिसनच्या कंपनीसाठीं एडविन पोर्टर यानें काढलेल्या ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ या मूकपटांत एक दरोडेखोर सरळ प्रेक्षकांकडे पिस्तूल रोखून गोळ्या झाडतो. हें दृश्य आरंभीं दाखवावें कीं शेवटीं, हें चित्रगृहाच्या मालकानें आपल्या इच्छेनें ठरवावें, अशी मुभा कंपनीनें दिली होती. कथेच्या ओघांत नसलेलें, पण सर्वांत जास्त लक्षांत राहणारें असें तें दृश्य होतें. बाइंडरची नळी त्याच जातीची आहे.

आतां या नळीच्या दुसऱ्या टोंकाशीं उभा असलेला माणूस कोण, हा प्रश्न उरतो. बाँडची भूमिका शॉन कॉनरी यानें केली, म्हणून तो कॉनरीच असला पाहिजे असें वाटणें साहजिक आहे. परंतु पहिल्या तीन चित्रपटांत, म्हणजे १९६२ ते १९६४ पर्यंत, तेथें कॉनरी नाहीं. तो बॉब सिमन्स आहे. मारामारीचीं आणि धाडसाचीं दृश्यें बसवून देणारा हा कसबी माणूस डोक्यावर टोपी घालून चालत आला, किंचित उडी घेऊन वळला आणि त्यानें गोळी झाडली. आकृति लहान, तोंडावर टोपीची छाया, त्यामुळें फरक कोणाच्या लक्षांत आला नाहीं. १९६५ सालचा ‘थंडरबॉल’ हा चित्रपट रुंद पडद्यासाठीं काढावयाचा ठरला. जुनें चित्र त्या रुंदींत बसेना, म्हणून तें नव्यानें घ्यावें लागलें, आणि त्या निमित्तानें कॉनरी प्रथम तेथें उभा राहिला. जेम्स बाँड म्हणून जगानें पडद्यावर पाहिलेली पहिली आकृति ज्याची, त्याच्या त्या चालीची नोंद मात्र नामावळींत नव्हती.

याच सुमारास आणखी एक खूण जन्मास आली. ‘डॉक्टर नो’च्या प्रसिद्धीसाठीं लागणाऱ्या पत्रांच्या कागदावर कांहीं चिन्ह असावें, म्हणून युनायटेड आर्टिस्ट्स या वितरण संस्थेनें जो कॅरॉफ या न्यू यॉर्कच्या आरेखकास बोलाविलें. नायकाचा गुप्त क्रमांक ००७. हा क्रमांक म्हणजे जीव घेण्याचा परवाना, हें कॅरॉफला ठाऊक होतें. त्यानें तो आंकडा कागदावर लिहिला तेव्हां इंग्रजी सातचा दांडा त्याला पिस्तुलाच्या मुठीसारखा दिसला. मग वरच्या आडव्या रेषेला त्यानें नळी जोडली आणि घोडा काढला. या कामाचे त्याला ३०० डॉलर मिळाले. तें चिन्ह पुढें भित्तिपत्रकें, पुस्तकें, खेळणीं आणि असंख्य वस्तूंवर छापलें गेलें. त्याच्या विक्रींतील एक छदामहि कॅरॉफकडे आला नाहीं. काम ठराविक मोबदल्यावर करून दिलें कीं त्यावरचा हक्क संपला, असा तो व्यवहार होता. कॅरॉफच्या नशिबीं याहून वेगळी उपेक्षाहि होती. १९६१ सालच्या ‘वेस्ट साइड स्टोरी’ या चित्रपटाचें त्यानें केलेलें भित्तिपत्रक पुष्कळ लोक सॉल बासचें समजत. ज्याचें नांव मोठें, त्याच्या खात्यावर इतरांचेंहि काम जमा होतें, तें असें.

चित्राप्रमाणेंच सुरांचेंहि झालें. ‘डॉक्टर नो’चें संगीत माँटी नॉर्मन या इंग्रज संगीतकाराकडे होतें. त्यानें पूर्वी व्ही. एस. नायपॉल यांच्या ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ या कादंबरीवरील संगीतिकेसाठीं कांहीं गाणीं रचलीं होतीं. ही कादंबरी त्रिनिदाद बेटावर मजुरीसाठीं गेलेल्या हिंदी लोकांच्या वंशजांची कथा आहे. शुभ आणि अशुभ शकुनांविषयींचें, सतारीच्या वळणाचें एक गाणें त्यांत होतें. नॉर्मननें त्याचीच चाल काढून ती विजेच्या गिटारवर घालण्याजोगी केली. त्या चालीची मांडणी जॉन बॅरी यानें केली. त्यानें तिला पितळी वाद्यांचा दणका दिला, आणि व्हिक फ्लिक या वादकानें २१ जून १९६२ रोजीं झालेल्या ध्वनिमुद्रणांत गिटार वाजविली. शीतयुद्धांतील इंग्रज गुप्तहेराची जगप्रसिद्ध धून हिंदी स्थलांतरितांच्या शकुनगीतांतून निघाली, हा योगायोग ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

पुढें बॅरीनें बाँडच्या अकरा चित्रपटांना संगीत दिलें, आणि मूळ धूनहि त्याचीच असली पाहिजे असा समज बळावला. १९९७ सालीं लंडनच्या ‘संडे टाइम्स’ या पत्रानें तसें सुचविणारा लेख छापला. नॉर्मननें अब्रुनुकसानीची फिर्याद केली. २००१ सालीं लंडनच्या उच्च न्यायालयांत ती चालली. या मांडणीबद्दल आपणांस १९६२ सालीं २५० पौंड मिळाले, अशी साक्ष बॅरीनें दिली. ज्यूरीनें नॉर्मनच्या बाजूनें कौल दिला आणि त्याला ३०,००० पौंड भरपाई मिळाली. यांतील मौजेची गोष्ट अशी, कीं १९६२ सालच्या नामावळींत संगीत नॉर्मनचें आणि धुनेचें वादन जॉन बॅरी व त्याच्या वाद्यवृंदाचें, असें लिहिलेलें होतें. ३९ वर्षें ती ओळ जगापुढें होती; पण लोकांनीं सूर ऐकले आणि अक्षरें वाचलीं नाहींत. तरीहि बॅरीचा वांटा लहान होता असें कोणी म्हणूं नये. चाल एकाची, तिचा पेहराव दुसऱ्याचा आणि बोटें तिसऱ्याचीं, अशी ती तिघांची कृति आहे.

नामावळी वाचली जावी कशी, हा प्रश्न दुसऱ्या चित्रपटाच्या वेळीं, १९६३ सालीं, वेगळ्या रीतीनें पुढें आला. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ची नामावळी रॉबर्ट ब्राउनजॉन या आरेखकानें एका नर्तकीच्या अंगावर प्रकाशाच्या झोतानें उमटविली. शरीर हललें कीं अक्षरें वांकत, पसरत आणि धूसर होत. नांवें दिसावीं आणि निसटावींहि, असा तो खेळ होता. ब्राउनजॉन हा शिकागो येथें मोहोली-नॉज या प्रकाशाचे प्रयोग करणाऱ्या कलावंताचा विद्यार्थी, त्यामुळें ही दृष्टि त्याच्या अंगांत मुरलेली होती. पुढच्या वर्षीं ‘गोल्डफिंगर’साठीं त्यानें सोनेरी रंग लावलेल्या स्त्रीच्या अंगावर चित्रपटांतीलच दृश्यें चालती केलीं. ती स्त्री मार्गारेट नोलन. कथेंत जिला सोन्यानें मढवून मारतात ती नटी शर्ली ईटन. दोघींची गल्लत इतकी रूढ झाली, कीं नोलनच्या कामाचें श्रेय कित्येकदां ईटनला मिळालें. याच दोन चित्रपटांनीं नामावळीच्याहि आधीं एक छोटें स्वतंत्र नाट्य दाखविण्याचा पायंडा पाडला.

या थाटाला उत्तर देणारे आरंभहि लौकरच आले. लेन डाइटन याच्या कादंबरींतील हेराला नांवच नव्हतें. १९६५ सालीं स्वतः सॉल्ट्झमननेंच तिच्यावर ‘द इप्क्रेस फाइल’ हा चित्रपट काढला, तेव्हां त्याला हॅरी पामर असें साधें नांव मिळालें. नामावळी चालू असतां हा हेर गजराच्या घड्याळानें जागा होतो, चष्मा शोधतो, कॉफीचे दाणे दळतो आणि कामावर जावयास निघतो. संगीत पुन्हां बॅरीचें, पण पितळी वाद्यांऐवजीं संतुराच्या जातीच्या सिंबलमचे थंड सूर. हेरगिरी ही देखील एक नोकरीच आहे, हें त्या एका कॉफीनें सांगितलें. १९६६ सालीं अमेरिकन दूरचित्रवाणीवर ‘मिशन इम्पॉसिबल’ ही मालिका सुरू झाली. काडी ओढली जाते, वात पेटते आणि ती जळत असतां पुढें घडणारीं दृश्यें क्षणक्षण चमकतात. लालो शिफ्रिन याची धून पांच मात्रांची आहे. तिचे दोन लांब व दोन आंखूड ठोके तारायंत्राच्या भाषेंतील मालिकेच्या आद्याक्षरांशीं जुळतात. ती काडी ओढणारा हात मालिकेचा जनक ब्रूस गेलर याचा होता. हात सर्वांनीं पाहिला. तो कोणाचा हें मात्र दिसण्याजोगें नव्हतें.

बाइंडर १९८९ पर्यंत बाँडच्या नामावळ्या करीत राहिला आणि १९९१ सालीं वारला. त्याच वर्षीं सोव्हिएट संघ विलयास गेला. १९९५ सालच्या ‘गोल्डनआय’ची नामावळी डॅनियल क्लाइनमन या नव्या आरेखकानें केली. तींत लेनिनचे पुतळे आणि कोयता-हातोड्याचीं चिन्हें फोडलीं जात असल्याचें दिसतें. ज्या शीतयुद्धानें हा हेर घडविला, त्याचा शेवट नामावळींतच नोंदविला गेला. नळीची खूणहि पुढें जागा बदलूं लागली. २००६ सालीं ती कथेच्या एका घटनेंतून उगवली. २००८ आणि २०१२ सालीं ती चित्रपटाच्या शेवटीं गेली. २०१५ सालीं पुन्हां आरंभीं आली. १९०३ सालीं एडिसनच्या कंपनीनें चित्रगृहाच्या मालकांना जी मुभा दिली होती, तीच शंभर वर्षांनीं निर्मात्यांनीं स्वतः घेतली. २०२१ सालच्या ‘नो टाइम टु डाय’ या चित्रपटांत नायक गोळी झाडतो, पण रक्त ओघळत नाहीं. त्या चित्रपटाच्या अखेरीस नायकच मरण पावतो, हें लक्षांत घेतां तो रक्ताचा अभाव अर्थपूर्ण वाटतो.

हा सर्व इतिहास एकत्र पाहिला म्हणजे नामावळी आणि खूण यांतील भेद स्पष्ट होतो. नामावळी ही हिशेबाची वही आहे; तींत करार, हक्क आणि मान यांच्या क्रमानें नांवें येतात. खुणेंत अक्षरांना जागाच नसते. टोपीखालच्या माणसाचें, पिस्तूल झालेल्या सातच्या आंकड्याचें किंवा काडी ओढणाऱ्या हाताचें नांव त्या चित्रांतच लिहितां येत नाहीं, आणि वहींत लिहावें असें त्या वेळीं कोणास वाटलें नाहीं. कारण हीं कामें घाईंत, थोड्या पैशांत आणि एकाच चित्रपटापुरतीं म्हणून करून घेतलेलीं होतीं. तीं साठ वर्षें टिकतील हें करणाऱ्यांसहि ठाऊक नव्हतें.

तरी वेळ गेल्यावरहि ऋण अंशतः फेडतां येतें. कॅरॉफच्या शंभराव्या वाढदिवसानिमित्त, २०२१ सालीं, बाँडपटांच्या निर्मात्यांनीं ००७ हें चिन्ह कोरलेलें घड्याळ त्याला भेट दिलें. ऑगस्ट २०२५ मध्यें, वयाच्या १०४ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीं, तो वारला. तेव्हां जगांतील वृत्तपत्रांनीं त्याचें नांव त्या चिन्हाच्या शेजारीं छापलें. १९६२ सालीं एका पत्राच्या कागदासाठीं काढलेल्या आकृतीला तिचा कर्ता मिळावयास इतकीं वर्षें लागलीं. सूत्रधार कवीचें नांव पहिल्याच प्रवेशांत सांगत असे, तो केवळ उपचार नव्हता, हें अशा वेळीं कळून येतें.